डोळे मिटून एका पायावर

लातूरच्या कॉलेजात सकाळी प्रार्थना व्हायची. हॉलमध्ये अकरावीच्या सगळ्या तुकड्या रांगेत उभ्या राहायच्या, माइकवरून "डोळे मिटा, हात जोडा" असं सांगितलं जायचं आणि हॉल एकदम शांत व्हायचा. मी डोळे मिटत नसे. त्यात बंडखोरी काही नव्हती. नांदेडच्या इंग्रजी शाळेतून मी तिथे नवीन आले होते, कुणाशी आपणहून बोलायचं धाडस नव्हतं, आणि माणसांकडे निर्धास्तपणे बघता येईल अशी दिवसातली तेवढीच एक वेळ होती.

असंच बघताना एकदा दिसलं की माझ्या पुढच्या रांगेतली एक मुलगीही बघते आहे. हात जोडलेले, ओठ हलतायत आणि डोळे टक्क उघडे. तिनं मान वळवली, मला पाहिलं आणि भुवया उडवल्या. प्रार्थना संपल्यावर जवळ येऊन म्हणाली, "काय गं कान्व्हेंट, देवाला भेत न्हाईस व्हय?"

"आणि तू?"

"माझं वेगळं हाय."

पुढे तीच माझी रूम पार्टनर झाली. घरमालकानं मुलींसाठी गच्चीवर खोल्या बांधल्या होत्या, त्यातली एक आम्हाला मिळाली. लातूरमध्ये तेव्हा ज्याच्याकडे गच्ची होती तो खोल्या बांधत होता. सकाळी सहाला फिजिक्सची बॅच, मग कॉलेज, मग पुन्हा केमिस्ट्री, मध्ये मेसचा डबा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेडिकलला लागलेल्या मुलांचे फोटो टांगलेले असायचे. ती औशाकडच्या एका गावची होती. गाव भूकंपात गेलं होतं, आता होतं ते नवं, सरकारनं आखून दिलेलं. नांदेडला त्या पहाटे आमच्या घरी फडताळातली भांडी तेवढी वाजली होती. मी तिला काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

पण एकाच खोलीत राहिलं की न विचारताही दिसतं. ती दाराकडे तोंड करून झोपायची. गच्चीवरच्या मोरीत केस धुताना डोक्यावरून पाणी घ्यायची तेव्हाही डोळे उघडे. साबण जायचा, डोळे लालबुंद व्हायचे. एकदा मी बादली धरून उभी होते, न राहवून म्हटलं, "मिट की. आग होतेय ना?"

"हूं दे."

मग केस पिळता पिळता म्हणाली, "आमच्यात जे जागे होते ते वाचले. गणपतीचं इसर्जन बघून आल्ते, वट्ट्यावर बोलत बसल्ते, ते. झोपले ते गेले." आणि लगेच, "साबण दे की इकडं, काय बघायलीस?"

हे एवढंच. पुढे जे घडलं ते यातूनच घडलं.

माझे वडील नांदेडच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक होते. पदाचं नाव मोठं होतं, पण वेळापत्रकात त्यांचा एकही तास नव्हता. भोकरकडच्या खेड्यातून कबड्डीच्या जोरावर ते शिकत आले. कॉलेजात कुणी त्यांना प्राध्यापक म्हणत नसे. 'खेळाचे सर.' गॅदरिंगला गेटवर काठी घेऊन कोण उभं राहणार, तर खेळाचे सर. मंत्री येणार असले की मांडव, खुर्च्या, रांगा, सगळं त्यांच्याकडे. शिक्षक दिनाला मुलांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना गुलाब दिले आणि पप्पांच्या समोरून पुढे गेले. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, मुलांच्या लक्षातच आलं नाही. हे त्यांनी घरी हसत सांगितलं. मराठीच्या एका सरांचं नेहमीचं वाक्यही ते असंच हसत सांगायचे, "तुमचं बरंय राव, शिट्टी वाजवली की झालं."

म्हणून पीएच.डी. ती झाली की ते शिकवणाऱ्यांत मोजले जाणार होते. निदान त्यांना तसं वाटत होतं. भूकंपग्रस्त भागातली अकरावी-बारावीची मुलं आणि लातूरच्या शिकवणी वर्गांतली त्याच वयाची मुलं, यांच्या शारीरिक क्षमतांचा तुलनात्मक अभ्यास. ताकद, दम, लवचीकता, चपळाई आणि तोल. मुदत पुढच्या जूनपर्यंत होती. एकदा वाढवून घेतलेली होती, आता पुन्हा वाढणार नव्हती. प्रबंध इंग्रजीत हवा, असं त्यांच्या गाईडसरांचं म्हणणं. "बाहेरचा परीक्षक आला तर मराठी कोण वाचणार?" पप्पांचं इंग्रजी खेळाच्या नियमांपुरतं होतं. मग ते मराठीत सांगायचे आणि मी सुट्टीत घरी आले की जेवणाच्या टेबलावर बसून इंग्रजीत लिहायचे. मला ते काम आवडायचं. समोर बसून आम्ही एवढं कधीच बोललो नव्हतो.

शिकवणी वर्गातल्या मुलांची चाचणी त्यांनी माझ्या लातुरातच घेतली. वर्गाच्या संचालकांनी एक रविवार दिला, कुणाला लागता कामा नये या अटीवर. पप्पा ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी, हातात फक्कीची बादली घेऊन मैदान आखत होते, आणि मी वरच्या खिडकीतून बघत होते. खाली गेले नाही. एका मुलानं पळायच्या आधी विचारलं, "सर, याला मार्क किती?" पप्पा म्हणाले, "याला मार्क नसतात." तो मुलगा पळाला, पण निम्म्यातच थांबला.

मग ते माझ्या रूम पार्टनरच्या गावाला गेले. शाळेला अकरावी-बारावी जोडलेली होती, म्हणून ती शाळा निवडली होती. ती तिथलीच दहावी पास, अकरावीतली निम्मी मुलं तिच्याबरोबर शिकलेली.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौथ्या प्रकरणाला बसलो. पप्पा खुशीत होते. ताकद, दम, चपळाई, कशातच दोन्हीकडच्या मुलांत सार्थ, म्हणजे धरण्याजोगा, फरक निघाला नव्हता, पण तोलात निघाला होता, आणि चांगला ठसठशीत. चाचणी साधी होती. कमरेवर हात, एका पायाचा तळवा दुसऱ्या गुडघ्याला, डोळे मिटायचे आणि किती वेळ टिकतं ते बघायचं. लातूरची मुलं उभी राहिली. गावातली मुलं लगेच पाय टेकत होती, नाहीतर डोळे उघडत होती. दोन्हीला चाचणी संपली असंच धरतात.

"लिही," ते म्हणाले. "भूकंपग्रस्त भागातल्या विद्यार्थ्यांचा स्थिर तोल निकृष्ट दर्जाचा असल्याचे आढळून आले."

मी पेन धरून बसले.

"काय करून राहिलीस? एका ओळीला इतका वेळ?"

मी मोरीतली गोष्ट सांगितली. नीट जमली नाही. साबण, प्रार्थना, जागे होते ते वाचले, सगळं उलटसुलट सांगितलं. शेवटी म्हटलं, "त्यांचा तोल खराब नाही, पप्पा. ते डोळे मिटत नाहीत."

"चाचणीत लिहिलंय डोळे मिटून."

"हो."

"सगळ्या जगात अशीच घेतात ती."

"हो."

"मग?"

ते चिडले. म्हणाले, तुझा अकरावीचा अभ्यास कर, यात तुला काय कळतं. उठून अंगणात गेले. मम्मीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं काही नाही. खिडकीतून दिसत होतं, ते तुळशीजवळ एका पायावर उभे होते. डोळे मिटून. मग उघडे ठेवून. मग पुन्हा मिटून. रस्त्यानं जाणारे शेजारचे काका थांबून म्हणाले, "काय सर, तपश्चर्या का?"

आत आले तेव्हा राग गेला होता. चेहरा मात्र उतरला होता. "तिथं एक पोरगी होती," ते म्हणाले. "तीनदा सांगितलं मिट. तीनदा उघडले. मला वाटलं वात्रटपणा करतेय. ओरडलो मी तिच्यावर."

गाईडसरांना विचारलं तर ते म्हणाले, शंका असेल तर पुन्हा घ्या, पण दोन्हीकडची पुन्हा घ्या. पप्पांनी ठरवलं, आधी गावात जाऊन डोळे उघडे ठेवून घेऊ, काय येतं बघू, मग लातूरचं. मी सुट्टी संपवून परत जाताना म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीला निरोप दे. शाळेत सांगून ठेवेल."

मी निरोप दिला. माझी बोलायची रीत अशी की कमीत कमी शब्दांत संपवायचं. म्हटलं, "तुमच्या शाळेत पप्पांनी टेस्ट घेतली ना, त्यात मुलांनी डोळे उघडले. त्यामुळे पप्पांचं पीएच.डी.चं काम अडलंय. ते परत येणारेत."

ती केमिस्ट्रीच्या नोट्स उतरवत होती. हात थांबला.

"आमच्यामुळं अडलं?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

मी म्हटलं, ते येऊन बघतील. तिनं आणखी काही विचारलं नाही, फक्त, "कवा येणारेत सर?" त्यानंतर दोन शनिवार ती गावाकडे गेली. एरवी बॅच बुडते म्हणून ती महिना-महिना जात नसे. मला वाटलं घरची आठवण आली असेल.

तो रविवार थंडीचा होता. पप्पा नांदेडहून लातूरला आले आणि तिथून आम्ही दोघं एसटीनं गावाला गेलो. ती आधीच गेलेली. नवं गाव मी पहिल्यांदाच बघत होते. रस्ते सरळ, घरं सारखी, आणि दोन घरांमध्ये केवढी तरी मोकळी जागा. बहुतेक घरांपुढे लोकांनी पत्र्याचं काहीतरी उभं केलं होतं. खाटा त्याच पत्र्याखाली होत्या, पक्क्या घरात कुणी झोपत असेलसं वाटत नव्हतं.

मुख्याध्यापक फाटकापर्यंत घ्यायला आले. मैदानावर मुलं-मुली ओळीत उभी होती, पायात बूट नाहीत पण अंतर अगदी मोजून सोडलेलं. आता त्या शाळेतली नसूनही पहिल्या ओळीत ती. माझ्याकडे बघून हसली नाही. पप्पांनी पिशवीतून स्टॉपवॉच काढलं आणि काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली.

सगळ्यांनी एकदम पाय उचलला, हात कमरेवर ठेवले आणि डोळे मिटले.

मैदानावर आवाज नव्हता. दाबून मिटले होते सगळ्यांनी, गालाला सुरकुत्या पडेपर्यंत. एका मुलीनं खालचा ओठ दातांत धरला होता. मागच्या ओळीतला एक उंच मुलगा पुटपुटत होता, पाढे म्हणत असावा. कुणी डुलत होतं, कुणाच्या मिटल्या पापण्यांतून पाणी येत होतं, पण पाय टेकत नव्हता. तिचा डोळे मिटलेला चेहरा मी तोवर कधी पाहिलाच नव्हता. तो मला तिचा वाटला नाही. मानेच्या शिरा ताणल्या होत्या आणि ती थरथर कापत होती.

पप्पांनी स्टॉपवॉच दाबलंच नाही. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, ती वाजली नाही, मग पुन्हा जोरात वाजली.

"उघडा. उघडा रे डोळे. उघडा."

मुलांनी डोळे उघडले. मुख्याध्यापक घाबरून पुढे आले. "काय चुकलं का सर? दोन आठवडे सराव घेतलाय. गणिताचा तास दिला. तुमच्या विषयाला कुणी गणिताचा तास देतंय का सर? आम्ही दिला."

पप्पांनी स्टॉपवॉच पिशवीत टाकलं.

"टाइम किती आला सर?" मागच्या उंच मुलानं विचारलं. आवाज अजून स्थिर नव्हता.

"भरपूर आला," पप्पा म्हणाले.

तिनं पुढे येऊन विचारलं, "मग आता हुईल ना सर तुमचं?"

"होईल," ते म्हणाले. "छान उभे राहिलात सगळे. होईल."

मग पोहे झाले, चहा झाला. मुलं आमच्याभोवती जमून एकमेकांची थट्टा करत होती. "ह्यो तर पडलाच अस्ता सर, ह्याला मी म्हागून टोचल्तं." "गप ए, तूच रडायल्तास." पप्पांनी हसून सगळ्यांची नावं विचारली.

परतताना एसटीत पप्पा खिडकीशी बसले. औसा गेल्यावर म्हणाले, "याचा उपयोग नाही बेटा. सराव करून घेतलेली चाचणी धरता येत नाही, आता डोळे उघडे ठेवून घेतली तरी."

"मग पहिली ठेवणार?"

"त्यांचा तोल निकृष्ट, असं लिहून? बघितलंस ना तू?"

लातूरच्या संचालकांनी मुलं पुन्हा द्यायला नकार दिला. परीक्षा तोंडावर होती, आणि मागच्या वेळी एका पालकानं तक्रार केली होती की मुलगा दमून आला, संध्याकाळचा पेपर सोडवू शकला नाही. गाईडसर तर संतापले. पप्पांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "तोल काढला तर तुमच्या प्रबंधात राहतं काय? सगळीकडे फरक नाही, फरक नाही. हे सांगायला पीएच.डी. देतात का? पहिली आकडेवारी आहे, चाचणी प्रमाणित आहे, टाका आणि मोकळे व्हा. पुढच्या शिफारशीत घाला हवं तर एक ओळ." पप्पांनी विचार करतो म्हणून सांगितलं. ते विचार करत राहिले आणि जून गेला. मुदत संपल्याचं पत्र आलं तेव्हा ते मैदानावर होते. आंतरमहाविद्यालयीन कबड्डीसाठी फक्की मारून घेत होते. मम्मीनं विचारलं तर म्हणाले, "गाईडशी जमलं नाही." कॉलेजात कुणी विचारलंच नाही. मराठीच्या सरांनी एकदा विचारलं म्हणे, "काय मग, डॉक्टर कधी?" "चालू आहे," पप्पा म्हणाले.

आम्ही बारावीत गेलो. गच्चीवरच्या खोल्या आणखी दोन वाढल्या, मोरी तीच राहिली. जुलैतच कधीतरी तिनं विचारलं, "सरांचं झालं का गं?"

मी म्हटलं, विचारून सांगते. खालच्या फोनवरून नांदेडला लावला. पप्पांनी आधी तिचा अभ्यास कसा चाललाय ते विचारलं. मग म्हणाले, "झालं म्हण. बारावीचं वर्ष आहे तिचं. आणि गावात सगळ्यांना कळणार."

मी वर जाऊन "झालं" म्हटलं. तिनं उडीच मारली. मेसच्या मावशींना सांगितलं, घरमालकिणीला सांगितलं. "हिचे पप्पा डॉक्टर झाले. आमच्या गावामुळं." मला मिठी मारली तेव्हा मी कशी उभी होते ते आठवतंय. हात बाजूला सोडून.

जानेवारीत त्या शाळेचं आमंत्रण आलं. वार्षिक क्रीडा स्पर्धा, प्रमुख पाहुणे. आमंत्रणावर पप्पांच्या नावाआधी डॉक्टर छापलेलं होतं. मला वाटलं, ते काहीतरी सबब सांगतील. त्यांनी तो कागद मम्मीच्या हाती पडू दिला नाही, पण जायचं ठरवलं. "नाही गेलो तर त्यांना वाटेल मोठा झाला, विसरला," ते म्हणाले. मला बरोबर बोलावलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. एकटं जाववलं नसावं.

मांडव छोटा होता, फळ्यावर रंगीत खडूंनी नाव लिहिलेलं. मुख्याध्यापक म्हणाले, "आपल्या मुलांवर अभ्यास करून सर डॉक्टर झाले, ही आपल्या नव्या गावाची पहिली पदवी आहे." टाळ्या खूप वेळ वाजल्या. पप्पांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी खाली मुलींमध्ये बसले होते, शेजारी ती. पप्पा माइकजवळ गेले. मला वाटत होतं, आता ते सांगतील, आणि सांगू नयेत असंही वाटत होतं. पुढच्या ओळीत तो उंच मुलगा छाती काढून बसला होता.

"मी कॉलेजात खेळाचा सर आहे," पप्पा म्हणाले. थांबले. घसा साफ केला. "तर आता खेळांना सुरुवात करूया."

एवढंच बोलून ते खाली बसले. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. मोठी माणसं थोडक्यात बोलतात, असं माझ्या मागची एक बाई दुसरीला म्हणाली.

परतताना शाल त्यांनी घडी घालून मांडीवर ठेवली होती. लातूर स्टँडला नांदेडची गाडी लागलेली होती. चढता चढता त्यांनी शाल माझ्याकडे दिली. "तुझ्या खोलीवर ठेव. घरी नको. तुझी आई विचारेल कशाची."

"आणि खोलीवर ती विचारेल तेव्हा?"

"सांग, थंडीसाठी दिली."

ती दुसऱ्या दिवशी गावाहून आली. शाल माझ्या ट्रंकेवर होती, मला लपवायला जमलं नव्हतं. मी सांगितलं, पप्पांनी थंडीसाठी दिली. "दोघींस्नी?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं घडी मोडली, अंगाभोवती घेतली आणि आरशात बघितलं.

परीक्षेपर्यंत रोज सकाळी ती शाल पांघरून फिजिक्सच्या बॅचला यायची. वाटेत कुणी ना कुणी थट्टा करायचं, "काय गं, कुणाच्या सत्काराला निघालीस?" आणि ती सायकलवरून मागे वळून ओरडायची, "डॉक्टरांची हाय, समजलं का!" मी तिच्या थोडी मागे सायकल ठेवायचे.